केळ्यातलं दुसरं प्रोटीन

मी आयुष्यात एकाच प्रोटीनची रचना सोडवली, आणि जे सोडवायला निघाले होते ते ते नव्हतं. जळगावात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. वर्ग, प्रात्यक्षिकं, पेपर तपासणं, स्नेहसंमेलनात मुलांवर लक्ष ठेवणं. त्याबद्दल कुठल्याही कॉलेजातल्या बाई माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. लोक मला विचारतात ते वेगळंच. "मॅडम, तुम्ही केळ्यावर पीएच.डी. केली म्हणे?" मी हो म्हणते. मग विचारतात, "केळ्यावर म्हणजे काय?" इथून माझी गडबड सुरू होते. उत्तर सुरू करते आणि मध्येच मला वाटायला लागतं की मलाही हे अजून नीट कळलेलं नाही. म्हणून म्हटलं, एकदा कागदावर उतरवून बघावं.

आधी ते काम काय असतं ते सांगते. प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची एक लांबलचक माळ. ही माळ स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि एक ठराविक आकार धरते, आणि ती शरीरात किंवा झाडात काय काम करणार हे त्या आकारावर ठरतं. हा आकार बघायला सूक्ष्मदर्शक चालत नाही, कारण प्रकाशाची लाटच त्या मानाने फार मोठी असते. क्ष-किरणांची लाट पुरेशी बारीक, पण त्यांना गोळा करून चित्र दाखवील असं भिंग नसतं. म्हणून आडवाटेने जायचं. प्रोटीनचे असंख्य रेणू कवायतीसारखे रांगेत लागलेला एक स्फटिक वाढवायचा, तो काचेच्या केसासारख्या नळीत मेणाने बंद करायचा आणि त्यावर किरण सोडायचे. पलीकडच्या फिल्मवर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून हिशेब करत करत आकार पुन्हा उभा करायचा.

हिशेबातली खोच अशी, की ठिपका किती गडद आहे ते फिल्मवर दिसतं, पण तो उमटवणारी लाट पुढे होती की मागे हे उमटतच नाही. मी मुलांना सांगायची, बंद दाराआड ढोलपथक वाजतंय. कुणाचा ढोल किती मोठ्याने वाजतोय एवढंच तुम्हाला सांगितलंय, आधी कोण आणि मागून कोण हे नाही. आता ताल ओळखा. यावर उपाय म्हणजे स्फटिकात प्लॅटिनमसारखा एखादा जड अणू मुरवायचा, पुन्हा ठिपके घ्यायचे आणि फरक बघायचा. एका वादकाच्या गळ्यात अचानक भला मोठा ढोल अडकवला तर बाकीच्यांचा मागचा-पुढचा थोडाफार अंदाज येतो, तसं.

माझ्या डोक्यात हे खूळ भरलं ते दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत शिक्षकांसाठीच्या शिष्यवृत्तीवर गेले तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. तिथले आमचे मार्गदर्शक सर कमी बोलायचे आणि नेहमी इंग्रजीत. मी जळगावची आहे कळल्यावर त्यांनी विचारलं, "बनाना?" पिकलेल्या केळ्यात लेक्टिन नावाचं एक प्रोटीन असतं. ते साखरेचा रेणू ओळखतं आणि धरून ठेवतं. सशाच्या रक्ताच्या थेंबात ते टाकलं की रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, म्हणून ते आहे की नाही हे डोळ्यांनी कळतं. त्याचा आकार तेव्हा कुणाला माहीत नव्हता. सर म्हणाले, केळी तुमच्याकडे आहेत, यंत्र आमच्याकडे आहे. शिष्यवृत्ती संपली की परत जा, प्रोटीन काढा, स्फटिक वाढवा आणि सुट्टीत घेऊन या.

केळी द्यायचे आमचे चुलत सासरे, असोद्याचे नाना. खांद्यावर घड घेऊन ते एसटीने यायचे आणि सरळ प्रयोगशाळेत शिरायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी बादलीत मिठाच्या पाण्यात केळी कुस्करत होते. ते दारातच थांबले.

"सुनबाई, इतकं चांगलं केळं, अन् तू त्याच्यात मीठ कामून घालू राहिली?"

"खायला नाही, नाना. यातलं एक प्रोटीन वेगळं काढायचंय."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं टाकून द्यायचं."

नानांनी स्टुलावर बसून पाणी मागितलं. नंतर बराच वेळ ते त्या बादलीकडे बघत होते. पण पुढच्या वेळी पुन्हा घड घेऊन आले, आणि तोही निवडून आणलेला.

माझे दुसरे सोबती म्हणजे धुळ्याचे भामरे सर. तिथल्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे. आमची ओळख त्याच संस्थेत झाली. उंच, सडपातळ माणूस, बोलणं शांत आणि प्रमाण मराठीत. मात्र डोकं तापलं की अहिराणी सुरू. गणित आणि कॉम्प्युटर त्यांच्याकडे, केळी आणि स्फटिक माझ्याकडे, असं आम्ही वाटून घेतलं. वयाने ते मोठे होते तरी मला 'ताई' म्हणायचे.

स्फटिक वाढवणं हे शास्त्र आहे असं कुणी म्हणालं तर माझा विश्वास बसत नाही. काचेच्या पातळ चकतीवर प्रोटीनच्या द्रावणाचा थेंब ठेवायचा, चकती उलटी करून खारट द्रावणाच्या वाटीवर ग्रीस लावून बसवायची, आणि थेंब लटकत ठेवून वाट बघायची. थेंबातलं पाणी हळूहळू उडून वाटीत जातं, प्रोटीन दाटतं आणि मनात आलं तर स्फटिक होतं. बहुतेक वेळा मनात येत नाही. जळगावच्या उन्हाळ्यात तर थेंबावर दुधासारखी साय धरायची. थर्मोकोलच्या पेट्या, ओली पोती, पंखा, सगळं करून झालं. लाईट गेली की पंखाही गेला. शेवटी कळलं की आपल्याकडे हे काम थंडीतच करायचं, आणि जळगावची थंडी किती दिवस टिकते ते तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात स्फटिक आले. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, स्वच्छ काड्या, टोकाला छिन्नीसारख्या तासलेल्या. रव्याच्या कणाहूनही बारीक. मी बराच वेळ डोळा लावून बसले आणि काय वाटतंय तेच कळेना. आधी वाटलं मीठच असणार. सुईने दाबून पाहिलं. मिठाचा स्फटिक कटकन मोडतो. हा हलकेच चुरला. म्हणजे प्रोटीन. मी धुळ्याला ट्रंक कॉल लावला. पलीकडून भामरे सरांनी विचारलं, "ताई, खरंच का?" आणि मग पुढे दोघंही गप्प. टेलिफोनवाल्याने लाईन तुटली समजून दोनदा हॅलो हॅलो केलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्रोटीन शुद्ध आहे का हे बघायला ते जेलच्या पट्टीवर विजेच्या जोरावर पळवतात. प्रत्येक प्रोटीनची तिथे आपापली रेघ उमटते. आमच्या पट्टीवर लेक्टिनची ठळक रेघ होती आणि तिच्या जरा वर एक फिकट रेघ. मार्गदर्शक सरांना दाखवली तेव्हा ते म्हणाले होते की एवढं सगळ्यांच्याच पट्टीवर असतं. ते खरंच होतं.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत स्फटिक डबीत, डबी थर्मासमध्ये आणि थर्मास मांडीवर घेऊन मी रेल्वेने दक्षिणेत जायची. किरणांखाली स्फटिक फार जगत नाहीत, पिवळे पडतात आणि मरतात. पण ठिपके सुरेख आले. पाऱ्याचा अणू काही केल्या मुरेना, प्लॅटिनमचा मुरला, युरेनियमचाही मुरला. भामरे सरांनी हिशेब केले आणि एक दिवस आमच्या हातात नकाशा आला.

नकाशा म्हणजे प्रोटीनच्या आत इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत ते दाखवणाऱ्या रेघा, डोंगराच्या नकाशावर उंचीच्या असतात तशा. एकेका थराचा एकेक कागद. संस्थेत रंगीत पडद्यावर हे सगळं दिसायचं, पण तो पडदा आम्हाला सुट्टीपुरताच मिळे. म्हणून जळगावात मी प्रत्येक थर पारदर्शक प्लास्टिकवर गिरवला, काचांवर चिकटवला आणि काचा एकावर एक रचून खाली बल्ब लावला. वरून पाहिलं की त्या रेघांमधून एक लांब, वेडीवाकडी सुरळी जाताना दिसायची. तीच आपली माळ. ती कुठून कुठे जाते ते शोधायचं आणि तिच्यावर एकेक मणी बसवायचा.

पहिल्याच नकाशाने आम्हाला चक्रावून टाकलं. माळेत एक पिळाचा भाग होता आणि तो पीळ डावा होता. निसर्गातले असे पीळ उजवे असतात, स्क्रूसारखे. ठिपक्यांना वस्तू आणि तिचं आरशातलं रूप यांतला फरक कळत नाही, त्यामुळे आमचा सगळा नकाशा आरशातला आला होता. भामरे सरांनी कॉम्प्युटरमध्ये चिन्हं उलटवली, पीळ उजवा झाला आणि सगळं अचानक स्वच्छ दिसू लागलं. त्या आनंदात आम्ही एक समज करून घेतला, की या कामात गोंधळ झाला की तो असा उलटवला की सुटतो.

मग आम्ही मणी बसवायला घेतले. लेक्टिनच्या माळेत मणी कुठल्या क्रमाने आहेत हे परदेशातल्या एका प्रयोगशाळेने बरंचसं शोधून ठेवलं होतं. तो क्रम घ्यायचा आणि नकाशातल्या सुरळीवर चढवायचा. जिथे मोठा मणी तिथे मोठा फुगवटा, जिथे लहान तिथे काही नाही, असं जुळायला हवं. आमचं जुळेना. क्रमात मोठा मणी यायचा तिथे नकाशात जागाच नसायची. नकाशात ठसठशीत फुगवटा असायचा तिथे क्रमात सगळ्यात लहान मणी. एक घर पुढे सरकवून पाहिलं, मागे सरकवून पाहिलं, माळ उलट्या टोकाकडून वाचून पाहिली. मी कॉलेजातून येऊन काचांसमोर बसायची आणि उठताना आदल्या दिवशीपेक्षा जास्त गोंधळलेली असायची. सासूबाई, आमच्या अक्का, दारात उभं राहून विचारायच्या, "आज सापडलं का गं?" जणू माझी कानातली फुलं हरवली आहेत.

भामरे सर मात्र गोंधळले नव्हते. धुळ्याला घरी त्यांनी पितळी तारेचं मॉडेल करायला घेतलं होतं. तारेवर रंगीत लाकडी मणी, प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग. बसत नव्हतं तिथे ते म्हणायचे, इथे नकाशा खराब आहे. मी पाहायला गेले तर दिवाणावर मॉडेल मांडलेलं, आणि वहिनी आणि मुलं खाली सतरंजीवर झोपतात असं कळलं. मॉडेल देखणं होतं. मी म्हटलं, "सर, हा मणी बाहेर लोंबतोय. नकाशात इथे काहीच नाही."

"तो हलत असेल, ताई. हलणारी गोष्ट दिसत नाही."

"आणि इथे फुगवटा आहे, तुम्ही काहीच बसवलं नाही."

"पाणी असेल."

हे दोन्ही खरं असू शकतं. या कामात हलणारा मणी खरंच दिसत नाही आणि पाण्याचा रेणू खरंच फुगवटा देतो. म्हणूनच मी वाद सोडून जळगावला परत आले. तेवढ्यात दक्षिणेतल्या आमच्या मार्गदर्शक सरांनी एका परिषदेत जाहीर करून टाकलं की केळ्याच्या लेक्टिनची रचना जवळजवळ तयार आहे.

मला सगळ्यात खटकत होते ते पूल. नकाशात काही ठिकाणी माळेचे दोन लांबचे भाग जवळ यायचे आणि त्यांच्यामध्ये अगदी गडद, जाड सांधा दिसायचा. गंधकाचे दोन अणू एकमेकांना धरतात तेव्हा असा सांधा होतो. असे सांधे ठिकठिकाणी होते. आणि लेक्टिनच्या क्रमात असा सांधा बांधणारा मणी एकही नव्हता. मी मार्गदर्शक सरांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, स्फटिक विरघळवून त्याने रक्ताच्या गुठळ्या होतात का ते पाहा.

प्राणिशास्त्र विभागात ससे होते. मी एक स्फटिक थेंबातून उचलला, विरघळवला आणि सशाच्या रक्तात टाकला. गुठळ्या झाल्या. लगेच झाल्या आणि स्वच्छ झाल्या. म्हणजे ते लेक्टिनच होतं. म्हणजे ज्या लेक्टिनमध्ये गंधकाचा सांधा नाही त्याच लेक्टिनमध्ये गंधकाचे सांधे होते. मी खुर्चीत बसून राहिले. माझं शिक्षण, माझे डोळे आणि ते सशाचं रक्त, यातलं कोण खोटं बोलतंय तेच कळेना. भामरे सरांना कळवलं तेव्हा ते हसले. "मी म्हणत होतो ना, ताई? नकाशाच खराब आहे."

बरेच दिवस मी तेच मानायचा प्रयत्न केला. बी.एस्सी.च्या मुलींना प्रात्यक्षिक शिकवताना एकीने गाळणीवरचा साका न धुता तसाच वापरला आणि मी सवयीने ओरडले, "अगं, आधी धू! मूळचं द्रावण त्याला चिकटलेलं असतं." वर्ग संपल्यावर ते वाक्य माझ्याच डोक्यात घुमत राहिलं. थेंबातून काढलेला स्फटिकही अंगावर थेंब घेऊनच येतो. थेंबात लेक्टिन होतंच. गुठळ्या कुणी केल्या, स्फटिकाने की त्याच्या अंगावरच्या ओलाव्याने?

हे तपासायचं तर स्फटिक पुन्हा पुन्हा ताज्या खारट द्रावणात धुवायचे आणि मग विरघळवून बघायचे. पण पट्टीवर रेघ दिसण्याइतकं प्रोटीन मिळवायचं तर एक-दोन स्फटिकांनी भागणार नव्हतं. सगळेच लागणार होते. दोन हिवाळ्यांचे सगळे, पुढच्या सुट्टीसाठी राखलेले मोठे सुद्धा. मी फोनवर हे सांगताच भामरे सर धुळ्याहून पहिल्या गाडीने आले. त्यांना वाटलं असावं की समोर बसून समजावलं तर मी ऐकेन.

"ताई, पुढच्या हिवाळ्यात थोडे वाढू द्या, मग करा."

"तोवर तुम्ही आणि सर लेख पाठवून द्याल."

"पाठवूच. तयारच आहे तो."

"आणि हे लेक्टिन नसेल तर?"

"मग काय शे हाई?" ते एकदम उठले. "गुठळ्या व्हतीस. ससाना रंगतमा तुम्हीच दख्यात. आते बठ्ठं पानीमा घालशात आनि हातमा काय ऱ्हाई? मी घरमा पोऱ्यांस्ले खाले निजाडस त्या मॉडेलना करता!"

रक्तातल्या गुठळ्या मीच पाहिल्या होत्या, आणि सगळं पाण्यात घातलं तर हाती काहीच राहणार नव्हतं. ते म्हणत होते त्यातलं काहीच खोटं नव्हतं. आणि मीही काही ठाम नव्हते. लोकांना वाटतं शास्त्रज्ञाला खात्री असते म्हणून तो प्रयोग करतो. मला कसलीच खात्री नव्हती. मला फक्त ते आणखी सहन होत नव्हतं. मी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक स्फटिक उचलून धुवायला घेतला. भामरे सर खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभे होते. धुऊन झाल्यावर शेवटचं धुण्याचं पाणी सशाच्या रक्तात घातलं. काही नाही. मग स्फटिकांवर साधं पाणी घातलं. काड्यांच्या कडा गोल झाल्या, अंधूक झाल्या, आणि बघता बघता गेल्या.

ते पाणी रक्तात घातलं. आम्ही दोघं वाट बघत बसलो. रक्त तसंच राहिलं, एकसारखं तांबडं. त्याच काचेवरच्या शेजारच्या खळग्यात मूळच्या द्रावणाने मात्र गुठळ्या केल्या होत्या. मग पट्टी लावली. ठळक रेघेच्या जागी काहीच आलं नाही. वरच्या, फिकट रेघेच्या जागी मात्र एक जाड, काळीशार रेघ आली.

आम्ही जे स्फटिक दोन हिवाळे वाढवले, मांडीवर घेऊन देशभर फिरवले, ज्यांचे फोटो घेतले, ते त्या फिकट रेघेचे होते. लेक्टिन थेंबात होतं आणि थेंबातच राहिलं होतं. त्याच्यासोबत चोरपावलांनी आलेलं, आम्ही दखलही न घेतलेलं कुठलंसं प्रोटीन तेवढं शिस्तीत रांगेला लागलं होतं. भामरे सर पट्टीकडे बघत राहिले. मग पिशवी उचलली आणि "येतो" म्हणून निघून गेले. त्यानंतर कितीतरी महिने त्यांचा काही निरोप आला नाही.

मार्गदर्शक सरांना मी पत्र न लिहिता फोनच केला. ते म्हणाले, गुड. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते म्हणाले, नकाशा चांगला होता, तुम्ही चुकीचं नाव देत होता. आता नाव न देता वाचा. परिषदेत केलेली घोषणा त्यांनी स्वतः मागे घेतली, तीही जाहीरपणे. त्याचा त्यांना किती त्रास झाला हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं.

पण नाव न देता वाचायचं म्हणजे फक्त फुगवट्याच्या आकारावरून मणी ओळखायचा. ते मला एकटीला जमेना. आकारावरून ओळखण्यात भामरे सरांची नजर चांगली होती. शेवटी मी एसटी पकडून धुळ्याला गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण पारोळा येईपर्यंत ते सगळं विसरले. दार वहिनींनी उघडलं. दिवाण मोकळा असेल अशी माझी कल्पना. पण त्यावर पुन्हा तार उभी होती, नवी वळवलेली, नकाशातल्या सुरळीसारखी तंतोतंत. तिच्यावरचे बहुतेक मणी पांढरे होते.

"ज्याचं नाव माहीत नाही तो पांढरा," भामरे सर आतून येत म्हणाले. जणू आम्ही कालच बोललो होतो. "पूल मात्र बठ्ठा बरोबर बसनात. बघा."

मी बघितलं. गंधकाचे सांधे खरंच एकेक करून जागच्या जागी बसले होते, आणि त्यामुळे बाकीची माळ आपोआप नीट गुंडाळली गेली होती. लेक्टिनच्या वेळी बाहेर लोंबणारं काहीच इथे लोंबत नव्हतं. मला रडू आलं का हसू, ते आठवत नाही. वहिनींनी शेवेची भाजी केली होती. जेवताना त्या म्हणाल्या, "ताई, हाई प्रोटीन तरी खरं शे ना? नही तर दिवाण कायमना जाई." आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "माहीत नाही."

पुढे बरीच वर्षं आम्ही ते वाचत राहिलो. कधी तो जळगावला, कधी मी धुळ्याला, असं लिहिणार होते, पण त्यांना मी कधी एकेरी हाक मारली नाही, तेव्हा कागदावर तरी का मारू? कधी ते यायचे, कधी मी जायची. एकेका फुगवट्यावरून भांडायचो. काही पांढरे मणी रंगले, काही शेवटपर्यंत पांढरेच राहिले. प्रबंध झाला, लेख छापून आला. झाडाला बुरशी लागली की झाडं काही प्रोटीनं तयार करतात. आमचं प्रोटीन त्या घराण्यातल्यासारखं दिसत होतं. मात्र ते केळ्यात नक्की काय करतं, हे आम्ही लेखात लिहिलं नाही, कारण आम्हाला ते कळलं नव्हतं.

हे मी असोद्याला नानांना सांगितलं. सांगताना 'बुरशी' हा शब्द माझ्या तोंडून गेला. नानांनी काय ऐकलं कुणास ठाऊक. पंधरवड्यात आमच्या दारात लोक यायला लागले. केळीच्या बागांवर तेव्हा करपा या बुरशीच्या रोगाचा जोर होता. पानं कडेपासून वाळत जायची. कुणी पान गुंडाळून आणायचं, कुणी अख्खं रोप. "असोद्याच्या नानांची सून कोनती? तिनं करप्याचं औषध काढलं म्हने." मी प्रत्येकाला बसवून, पाणी देऊन सांगायची की औषध नाही, नुसता आकार आहे. मला वाटायचं की मी स्पष्ट सांगते आहे. लोक मान हलवायचे आणि विचारायचे, "मंग केवढ्याले भेटन?" नानांना विचारलं तर ते म्हणाले, "मी तर तेवढंच सांगितलं जे तू सांगितलं." शेवटी अक्काच दारात बसायला लागल्या आणि लोकांना बाहेरूनच परत पाठवू लागल्या.

एक जण मात्र परत गेला नाही. सावद्याचे होते. वय साठीच्या आसपास, पांढरी टोपी, धोतर, पायात धूळ. ते कॉलेजातच आले. मी त्यांनाही तेच सांगितलं. ते चिडले.

"मॅडम, मी एष्टी बदलून आलो. तुमी म्हनता औषध न्हाई. मंग इतके वर्ष केलं काय?"

समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता. हिवाळा होता आणि पेटीत नव्या हंगामाचे थेंब होते. मी चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, त्यांना टोपी काढायला सांगितली आणि डोळा लावायला लावला. कुठला डोळा मिटायचा ते आधी त्यांना जमत नव्हतं. मग जमलं.

"हे काय काचेचे तुकडे हायेत?"

"नाही, आबा. हे केळ्यातलं आहे."

"केळ्यात हे असं असतं?"

"असं रांगेत नसतं. सुटं असतं. आम्ही रांगेत लावलंय."

त्यांनी पुन्हा डोळा लावला. बाहेर तास संपल्याची घंटा झाली, मुलं आली, गेली. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा राग उतरलेला होता.

"अन् हे केळ्यात करतं काय?"

"ते माहीत नाही. बुरशीला अडवत असेल असं वाटतं. नक्की माहीत नाही."

"कोनालेच माहीत न्हाई?"

"कुणालाच नाही."

त्यांना हे पटलं असावं. त्यांनी टोपी घातली, पान टेबलावरच ठेवलं आणि दारात वळून म्हणाले, "माहीत पडलं म्हंजे कळवजा, मॅडम. सावद्याले."

मी हो म्हटलं. पुढे जगात इतरांनी या घराण्यातल्या प्रोटीनांवर पुष्कळ काम केलं. काचेच्या बशीत यांतली काही बुरशीची वाढ खरंच रोखतात, एवढं आता कळलंय. झाडावर लटकलेल्या घडात आमचं प्रोटीन तेच करतं का, याबद्दल मी अजून वाचते आहे आणि अजून गोंधळते आहे. अर्धं का होईना, कळवण्यासारखं काहीतरी आहे. पण त्या दिवशी मी त्यांचं नावच विचारलं नाही, आणि सावद्यात केळीवाले घरोघर आहेत.